तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅम्पला लाइन आऊट असताना मी माईक का मागतो

"मागे लाइन आऊट दिलंय ना, मग सरळ वायर टाकायची सोडून तुम्हाला दर वेळी समोर माईक कशाला लागतो?" हे मला ऑर्गनायझर विचारतात, साउंडवाले विचारतात, ठाण्यात माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार शिकायला येणारी पोरं विचारतात. (लाइन आऊट म्हणजे गिटारच्या अ‍ॅम्पचा आवाज वायरीने सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यायचं होल; नाहीतर अ‍ॅम्पच्या स्पीकरसमोर माईक ठेवून तो आवाज घ्यायचा.) आणि त्या पोरांच्या आया वेगळं विचारतात, "सर, हेडफोन लावला की आवाज अगदीच बारीक येतो, अ‍ॅम्प बदलून घेऊ का?" दोन्ही प्रश्नांचं मूळ अ‍ॅम्पच्या मागच्या त्या एकाच होलात आहे. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगून आता मी खरंच थकलोय, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

आधी आयांचं. अ‍ॅम्प बदलू नका. बऱ्याच प्रॅक्टिस (घरी सराव करायच्या छोट्या) अ‍ॅम्पवर यासाठी एकच होल असतं आणि त्यावर लिहिलेलं असतं फोन्स / लाइन आऊट. म्हणजे एकाच होलाकडून दोन अगदी वेगळी कामं करून घ्यायची. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये काय करतात, तर आतल्या पॉवर अ‍ॅम्पचाच सिग्नल एका रेझिस्टरमधून (विजेला अडवणारा छोटा भाग, त्याचा अडथळा ओहममध्ये मोजतात) त्या होलाला देतात. समजा तो रेझिस्टर १०० ओहमचा आहे आणि तुमच्या मुलाचा हेडफोन ३२ ओहमचा, तर व्होल्टेजचा जेमतेम चौथा हिस्सा हेडफोनच्या वाट्याला येतो, बाकीचा त्या रेझिस्टरमध्येच जिरतो. तीच वायर मिक्सरला लावली, जिथे इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) १०,००० ओहमच्या आसपास असतो, तर जवळजवळ सगळं व्होल्टेज पोचतं. म्हणजे अ‍ॅम्प तोच, नॉब तिथेच, आणि एकीकडे आवाज पुरत नाही तर दुसरीकडे मिक्सरचा लाल दिवा लागतो. यात बिघाड कुठे आहे सांगा. उलट चार्जिंगवर चालणाऱ्या छोट्या अ‍ॅम्पला कोणी २५० ओहमचा स्टुडिओवाला हेडफोन लावला तर तिथे आतलं व्होल्टेजच मुळात कमी पडतं. आणि एकाच कानात येत असेल तर आधी पिन पूर्ण आत गेलीय का बघा, कन्व्हर्टर मोनो तर नाही ना ते बघा. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या असलेल्या) अ‍ॅम्पवाल्यांनी मात्र स्पीकर आऊटला हेडफोन किंवा मिक्सर कधीच लावू नका, ते होल वेगळं, आणि स्पीकर काढून तो अ‍ॅम्प वाजवलात तर ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आता माईकचं. हे सांगायला मला आवडत नाही पण सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

ऐरोलीत एका सोसायटीचा कोजागरीचा कार्यक्रम होता. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक, बेस आणि मी, दोन गायक. साउंडवाल्याकडे जादा स्टँड नव्हता, तो म्हणाला दादा लाइन द्या ना, क्लीन मिळेल, आणि त्याने स्वतःच्या पेटीतली वायर काढून दिली, दोन्ही टोकांना स्टीरिओ पी-३८ (जाड हेडफोनसारख्या) पिना. मी ती मागच्या होलात घातली. पिन आत गेली की अ‍ॅम्पचा स्वतःचा स्पीकर बंद होतो हे मला माहीत होतं, त्यामुळे माझा आवाज मला मॉनिटरमधूनच ऐकावा लागणार होता. मंडळी उशिरा आली, भाषणं लांबली, साउंडचेक म्हणजे "हॅलो हॅलो" एवढाच झाला, माझ्या चॅनलवर दिवा जरासा हलला आणि तो म्हणाला येतंय.

पहिलंच गाणं गिटारच्या तुकड्याने सुरू होणारं. मी वाजवलं आणि मॉनिटरमधून गिटार आलीच नाही, आला नुसता रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा), विहिरीच्या तळातून यावा तसा, मागून ओढत ओढत, त्याला ना सुरुवात ना सूर. तारेवर प्लेक्ट्रम लागल्याचा जो टक् असतो तो कुठेच नाही. गायिकेने मागे वळून पाहिलं, तिला स्वर हवा होता. मी व्हॉल्यूम वाढवला, तिकडे साउंडवाल्याने मिक्सरवर माझा गेन (आत येणारा सिग्नल) वाढवला, तसा तो घुमणारा भाग मोठा झाला आणि सोबत सूंऽऽ असा हिस. शेवटी कीबोर्डवाल्याने माझा तुकडा वाजवला आणि गाणं सुरू झालं. पुढचं सगळं गाणं मी हात हलवत होतो. मध्यंतरात कमिटीतल्या एका काकांनी माईकवरून सांगितलं की गिटारचा अ‍ॅम्प बिघडलाय, सांभाळून घ्या. सगळ्यांसमोर. मी वायर उपटून अ‍ॅम्पच्या स्वतःच्या स्पीकरवर उरलेला कार्यक्रम वाजवला, पहिल्या दोन रांगांपलीकडे काही गेलं नसणार. पाकीट पूर्ण दिलं त्यांनी, पण निघताना एकाने खांद्यावर हात ठेवून "एखादा चांगला अ‍ॅम्प घे रे" म्हटलं, आणि पुढच्या वर्षी फोन आला नाही.

घरी आल्यावर त्याच होलाला हेडफोन लावला तर दोन्ही कानांत स्वच्छ आवाज! मला वाटलं मलाच काहीतरी झालंय.

उत्तर आमच्या कीबोर्डवाल्याने दिलं, नंतर, चहा पिताना. त्याने एवढंच विचारलं, दोन्हीकडे स्टीरिओ पिन होती का? मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट पिनेच्या टोकावरचा आणि रिंगवरचा (टोकामागच्या कड्यावरचा) सिग्नल घेतं आणि दोघांतला फरक तेवढा पुढे पाठवतं. वायरीत बाहेरून शिरलेला हम (विजेची गुणगुण) दोन्ही तारांत सारखा असतो म्हणून तो वजा होतो, त्यासाठीच ती सोय आहे. पण हेडफोनच्या होलात टोक म्हणजे डावा कान, रिंग म्हणजे उजवा, आणि माझी गिटार दोन्ही कानांत अगदी सारखी. सारख्यातून सारखं वजा, उरलं शून्य. उरला फक्त रिव्हर्ब, कारण माझ्या अ‍ॅम्पचा रिव्हर्ब स्टीरिओ आहे, डाव्या-उजव्या कानात वेगवेगळा. म्हणजे अ‍ॅम्प ठीक, मिक्सर ठीक, वायरही तुटलेली नव्हती. सगळं आपापलं काम चोख करत होतं आणि माझी गिटार गायब होती. हे त्या काकांना मी कधी आणि कसं सांगायचं?

उपाय सोपा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पिना मिळतात, अ‍ॅम्पकडे स्टीरिओ पिन, मिक्सरकडे मोनो, तार फक्त टोकाला आणि ग्राउंडला जोडायची, रिंग मोकळी सोडायची. अ‍ॅम्पकडे सरळ मोनो पिन घातली तर रिंग ग्राउंडला शॉर्ट होते, काही सर्किट ते सोसतात, काही नाही. मधे डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी छोटी डबी) असेल तर लांब वायरीलाही हम कमी. अशी वायर मी केलीय, बॅगेत असते.

तरी माईक मागतो, आणि इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. त्या रात्रीनंतर मी सगळ्यांना छातीठोक सांगायचो की लाइन आऊट स्टेजसाठी नाहीच. कारणही खरं होतं, गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं देतच नाही, तो मधून काढला की डिस्टॉर्शन करकरीत आणि टोचणारं होतं. पण हल्लीच्या पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची नक्कल लाइन आऊटमध्येच असते आणि ती चांगली असते, मी ऐकलीय. उलट माझ्या माईकमध्ये शेजारची ढोलक भरते, मॉनिटर वाढवला की शिट्टी येते. मग मी कशाला धरून बसलोय? एक विद्यार्थी तोंडावर म्हणाला, सर तुम्ही घाबरता. असेल. पण माईक ठेवला की माझा स्पीकर चालू राहतो आणि मिक्सरवर काहीही झालं तरी निदान गायिकेला स्वर मिळतो, एवढं मी सोडायला तयार नाही.

राहिला घरातला हेडफोन. फ्लॅटमध्ये त्याला पर्याय नाही, भिंतीपलीकडे कोणाची तरी दहावी असते, आणि रात्री १० नंतर रहिवासी भागात कायद्याने मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण आवाज बारीक येतो म्हणून मुलं दोन गोष्टी करतात, एक तर व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेतात (जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबलच्या आत सांगते, तेही एवढ्यासाठीच), नाहीतर तारा बडवायला लागतात. बडवण्याची सवय मी रोज पाहतो, हेडफोन काढला की हात तसाच जड पडतो. म्हणून क्लासमध्ये पहिली काही मिनिटं मी अ‍ॅम्प लावूच देत नाही, इलेक्ट्रिक गिटार नुसती, कोरडी. यावर एका आईने विचारलं, मग सर अ‍ॅम्प घ्यायला कशाला सांगितलात? त्याचं धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही.