पाताळपाणी आणि जानापाव : इंदूरहून पावसाळ्यातला एक दिवस

श्रावणातल्या एका बुधवारी पहाटे साडेपाचला इंदूरच्या रामबागेतून निघालो, पाताळपाणीचा धबधबा आणि जानापावचा डोंगर बघायला. मी, नवरा, सासूबाई, आमची दहा वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेला माझा धाकटा भाऊ. बुधवार मुद्दाम निवडला होता. पावसाळ्यात शनिवार-रविवारी महूच्या पुढचे सगळे धबधबे माणसांनी भरलेले असतात, आणि गर्दीत धबधबा धड दिसत नाही, ऐकूही येत नाही. पण बुधवार निवडला तशी हेरिटेज रेल्वेगाडी हुकली. पाताळपाणी ते कालाकुंड ही छोटी लायन २०१८ पासून पर्यटकांसाठी चालते, पण बहुतेक शनिवार-रविवारीच. तुम्हाला गाडीच हवी असेल तर दिवस त्याप्रमाणे ठरवा, तिकीट आधी काढा आणि निघण्यापूर्वी त्या आठवड्याचं वेळापत्रक पुन्हा बघून घ्या.

राऊवरून महू, तिथे पोहे-जलेबी, आणि सातच्या आत पाताळपाणी. महूपासून ते सहा-सात किलोमीटर आहे. आम्ही पोचलो तेव्हा कठड्यापाशी चारच माणसं होती आणि भुट्टेवाला अजून शेगडी पेटवत होता.

इथे चोरल नदी साधारण तीनशे फूट खाली पडते. खालचा डोह थेट पाताळापर्यंत जातो अशी जुनी समजूत, त्यावरून नाव पडलं. वर सपाट शेतं, मग एकदम कडा आणि खाली दरी. माळवा इथे संपतो आणि निमाड सुरू होतो. भाऊ कठड्याला टेकून म्हणाला, "ताई, दगड अगदी आपल्या सह्याद्रीसारखा आहे गं." बरोबरच आहे. तोच काळा बेसॉल्ट, लाव्हाचे थर एकावर एक. कड्यात त्यांच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात.

आता जे सांगायचं आहे ते नीट वाचा. पाताळपाणीला पाणी येतं ते तुमच्या डोक्यावरच्या ढगातून नव्हे. ते वरच्या शेतांतून, ओढ्यांतून येतं. तुम्ही उन्हात उभे असता आणि काही मैलांवर धो-धो पाऊस पडून गेलेला असतो. २०११ च्या जुलैमध्ये असाच लोंढा आला आणि पात्रातल्या दगडांवर अडकलेलं एक कुटुंब वाहून गेलं. इंदूरमध्ये ती दृश्यं बघितलेला माणूस पाताळपाणीचं नाव निघालं की अजून गप्प होतो. म्हणून धबधब्याच्या वरच्या अंगाला पात्रात उतरायचं नाही, पाणी घोट्याएवढं असलं तरी नाही. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला, की काठापासूनही मागे व्हा. जोराच्या पावसात प्रशासन इथे येण्यावर बंदी घालतं. अशा वेळी आडवाटेने शिरू नका. आम्ही सकाळी बघितलं तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं होतं, म्हणजे रात्री वर पाऊस झालेला. आम्ही कठड्याच्या अलीकडेच राहिलो आणि तरी तुषारांनी चिंब झालो.

सासूबाईंना धबधब्यापेक्षा रूळ बघायचे होते. त्यांचं माहेर खंडव्याचं. लग्नानंतर कित्येक वर्षं याच मीटर गेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीने येणं-जाणं. "कालाकुंडला मागून दुसरं इंजिन लावायचे, तेव्हा कुठे घाट चढायची," त्या लेकीला सांगत होत्या. "आणि पलाशच्या पानात कलाकंद मिळायचा. तो घेतल्याशिवाय तुझे आजोबा डब्यात चढायचे नाहीत." या लायनीसाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. रुळांजवळच टंट्या मामांचं, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लांचं, देऊळ आहे. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला त्यांना फाशी दिली, आणि त्यांचा देह इथे आणून टाकला असं सांगतात. गाड्या इथे क्षणभर थांबत. रेल्वेवाले म्हणत ब्रेक तपासायला, गावकरी म्हणत मामांना सलाम करायला. सासूबाई हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या. फोटोसाठी लोक रुळांवरून बोगद्याकडे चालत जातात, ते मात्र करू नका.

साडेनऊला गर्दी वाढू लागली तसे आम्ही निघालो, आणि इथे आमची चूक झाली. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून नवऱ्याने गाडी डांबरावरून खाली घेतली. माळव्याची काळी माती! वरून गवत दिसतं, आत लोणी. चाक बुडालं ते एक्सलपर्यंत. शेजारच्या शेतातल्या दोन काकांनी तुराट्या आणि दगड आणून चाकाखाली घातले, तेव्हा पाऊण तासाने सुटलो. पैसे घेईनात, म्हणून लेकीने आपला लाडवांचा डबा त्यांना दिला. पावसाळ्यात चाकं डांबरावरून उतरवू नका. समोरच्याला मागे घ्यायला सांगा, थांबा, काहीही करा.

पुढचा टप्पा जानापाव. महूवरून पुन्हा मुंबईच्या हमरस्त्याला लागायचं आणि मानपूरच्या अलीकडे वळायचं. डोंगर सुमारे ८५० मीटर उंच, वरपर्यंत गाडीरस्ता आहे. सासूबाई आणि नवरा गाडीने वर गेले, आम्ही तिघं पायी.

ही चाल मला दिवसभरातली सगळ्यात आवडली. हे काही बारमाही वर्षावन नाही. मे महिन्यात याल तर इथे तपकिरी पानगळ आणि तापलेला दगड. पण श्रावणात सागाचं पान सुपाएवढं होतं, वर दुधाळ फुलोरा येतो, खोडांवर शेवाळ चढतं, आणि चालताना पाऊस थांबला तरी झाडं तासभर गळत राहतात. लेकीला सागाचं कोवळं पान तळहातावर चोळायला सांगितलं. हात मेंदी लावल्यासारखा लाल झाला, तो संध्याकाळपर्यंत तसाच. भाऊ ताम्हिणीशी तुलना करत होता. मी म्हटलं, ताम्हिणीत जेवढा पाऊस पडतो त्याचा लहानसा वाटा आमच्याकडे येतो, आणि तेवढ्यावर हे जंगल एवढं हिरवं होतं.

पायी चढणाऱ्यांसाठी : तळाला खाचा असलेले बूट हवेत, चपला-सँडलवर शेवाळाच्या दगडावरून घसराल. जाड काठी घ्या. हाताशी मीठ ठेवलं की जळवांची काळजी नाही असं आईकडून ऐकलेलं, पण आम्हाला एकही जळू भेटली नाही, डास मात्र भरपूर. बिबट्याचा वावर या भागात आहे, म्हणून मुलांना पुढे पळू देऊ नका आणि अंधारापूर्वी खाली या. मध्ये पाणी-खाणं काही मिळत नाही.

वर परशुरामाचं मंदिर आणि कुंड आहे. हे परशुरामाचं जन्मस्थान मानतात, आणि चंबळेचा उगमही इथलाच. सासूबाई कुंडाजवळ बसल्या होत्या. लेकीने विचारलं, हे पाणी कुठे जातं? मी वाळल्या फांदीने चिखलात रेघ काढून दाखवलं. इथलं चंबळेतून उत्तरेला, यमुनेत, मग गंगेत, शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि सकाळी बघितलेल्या चोरलचं दक्षिणेला नर्मदेत, तिथून अरबी समुद्रात. दोन्हींच्या मध्ये काही किलोमीटरचं अंतर. ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत होती. मग एक पान या बाजूला ठेवलं, एक त्या बाजूला.

जामगेटही त्याच दिवशी करायचा विचार होता, पण गाडी रुतल्यात वेळ गेला. खरं तर बरंच झालं. महेश्वरच्या वाटेवरचा तो दरवाजा आणि खाली पसरलेलं निमाड वेगळ्या दिवशी, अहिल्याबाईंच्या महेश्वराला जोडून बघा. एका दिवसात तीन ठिकाणं कोंबली की तिन्ही गाडीच्या काचेतूनच दिसतात.

तीनला निघालो. दुपारनंतर इकडे ढग भरून येतात आणि घाटात धुकं उतरतं. महूत पोचेपर्यंत पाऊस सुरू झालाच, आणि सासूबाईंनी मागच्या सीटवरून विचारलं की शनिवारची कालाकुंडची तिकिटं आत्ताच फोनवर काढता येतील का.