नानांची घरपट्टी आणि दिल्लीचे साडू

आमच्या नानांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं की साठी उलटली की घरपट्टी अर्धी होते. कोणीतरी म्हणजे दिल्लीचे साडू. त्यांना खरंच मिळते सूट, दिल्ली महापालिका ज्येष्ठांना एका घरावर 30 टक्के देते, पण घर 200 चौरस मीटरच्या आत पाहिजे, स्वतःच्या नावावर पाहिजे आणि स्वतः राहत असले पाहिजे. या अटी साडूंनी फोनवर सांगितल्या नाहीत, आणि दिल्लीचा नियम आपल्या खान्देशात कसा चालेल हे नानांनी विचारलं नाही.

मग काय, बिल टीव्हीच्या मागे खोचून ठेवलं. "सूट आली की भरू." बिल होतं 4,200 चं. आपल्याकडे थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे महिन्याला 84 रुपये, सात महिन्यांत 588. एवढ्यात घरभर भरीत-पुरीचा कार्यक्रम झाला असता.

शेवटी मीच त्यांना घेऊन गेलो. काउंटरवरचा पोरगा चांगला होता बिचारा, म्हणाला बाबा, नुसत्या वयावर घरपट्टी माफ असा राज्यभराचा नियम नाही, इथं जे आहे ते लवकर भरणाऱ्याला, मग तो पंचविशीचा असो की ऐंशीचा. नाना म्हणे, "मंग माले काय भेटस? एस्टीत तर अर्धं तिकीट हाय!" आता एस्टीचं वेगळं, तिथे 65 पूर्ण झाले की निम्मं भाडं आणि 75 नंतर फुकट. घरपट्टी घरावर लागते, वयावर नाही, हे त्यांना पटता पटत नव्हतं.

त्यात समोरच्या फौजी काकांची माफ झालेली त्यांना माहीत होती, म्हणून अजून राग. पण काकांची वयामुळे नाही झाली, 2020 मध्ये सरकारने माजी सैनिकांसाठी बाळासाहेब ठाकरेंच्या नावाने जी योजना काढली त्यातून झाली, तीपण एकाच घराची, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून.

खरी गंमत पुढे. पोराने उतारा काढला तर घर अजून आजोबांच्या नावावर! आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. म्हणजे उद्या ज्येष्ठांना सूट आलीच असती तरी नाना त्यात बसले नसते, कागदावर मालक ते नाहीतच ना. इतकी वर्षं बिल भरलं पण वरचं नाव कोणी वाचलंच नाही, मीपण नाही.

बाकी शास्तीसकट भरून टाकली, पावती जपून ठेवली, आता वारस नोंदीचं चाललंय. मृत्यू दाखला सापडला, आत्या शिरपूरहून येऊन सही करून गेली. सुरतचे काका तेवढे राहिलेत, ते म्हणे दिवाळीला येतो.