तुम्ही विचारलंत म्हणून: अग्रलेख छापलेत, मग कागद कशाला?

ज्यांच्या घरी असे कागद आहेत ती माणसंच हा प्रश्न मला बहुतेक वेळा विचारतात. त्यांचे आजोबा संपादक होते, चळवळीत होते, तुरुंगात जाऊन आले. माळ्यावर त्यांच्या ट्रंका पडून आहेत. "त्यांचं जे काय म्हणणं होतं ते पेपरात छापून आलंय, त्याच्या फायली ग्रंथालयात आहेत. मग ही रद्दी तुम्ही महिनोन् महिने का चाळत बसता?" विचारण्यात खोच नसते, घरात जागा नसते. लोकांची खाजगी कागदपत्रं लावून त्यांची यादी करणं हे माझं काम, तेव्हा उत्तरही मलाच द्यावं लागतं. एकदाच सविस्तर देऊन टाकते.

अग्रलेखातून संपादक काय म्हणाला ते कळतं. तो त्याच आठवड्यात का म्हणाला, पहिल्या मसुद्यात काय होतं, कुणाचं पत्र आल्यावर त्यातल्या चार ओळी खोडल्या, त्या महिन्यात कागदवाल्याचं देणं किती थकलं होतं, यातलं काही अग्रलेखात नसतं. राजकारणात उतरलेल्या संपादकाच्या बाबतीत तर नेमकं हेच हवं असतं. तो बातमी देणाराही असतो आणि बातमीत असणाराही.

टिळक-आगरकरांचंच घ्या. आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, यावरून दोघं फुटले, हे शाळेतलं उत्तर. 'केसरी' जानेवारी 1881 मध्ये निघाला तेव्हा संपादक आगरकर होते. 1887 मध्ये ते बाहेर पडले, 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि मग दोन्ही पत्रांतून जी जुंपली ती वाचली की शाळेतलं उत्तर पटतंही. पण 1890 च्या डिसेंबरात टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला, म्हणजे दोघं जिथे शिकवत होते त्या संस्थेला, लिहिलेलं राजीनाम्याचं पत्र वाचा. लांबच लांब पत्र आहे. त्यात पगाराचा विषय आहे, आजीव सदस्यांनी बाहेरची कामं करून पैसे मिळवावेत का हा वाद आहे, निर्वाहापुरतं घेऊन सगळा वेळ संस्थेला द्यायचा हा मूळ बेत कसा सैल होत गेला याची तक्रार आहे. अर्थात ही एकच बाजू. तरी ती वाचल्यावर तत्त्वाचं भांडण खोटं ठरत नाही, उलट ते कुठल्या हिशेबावरून पेटलं ते समजतं. मला विचाराल तर हा एक कागद दोघांच्या दहा अग्रलेखांना भारी आहे.

यावर काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे खरं काय ते खाजगी कागदातच! तसंही नाही हो. कोल्हापूर प्रकरणात याच दोघांनी हाती आलेल्या पत्रांवर भिस्त ठेवली होती. कोल्हापूरच्या गादीवरचे छत्रपती शिवाजीराव यांचे जे हाल चालले होते त्यामागे कारभारी महादेव बर्वे आहेत, असं त्या पत्रांवरून दिसत होतं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, पत्रं बनावट निघाली, आणि 1882 मध्ये दोघंही मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून आले. म्हणून ट्रंकेतून एखादं खळबळजनक पत्र निघालं की घरचे हरखतात आणि मी कागद, शाई, अक्षर, पोस्टाचा शिक्का बघत बसते. जाता जाता: याच खटल्यात दोघांच्या दहा हजारांच्या जामिनाची सोय जोतीराव फुल्यांनी रामशेठ उरवणे यांच्याकरवी केली होती. पुढच्या काळातलं 'केसरी' आणि फुल्यांचे सत्यशोधक यांचं हाडवैर छापील फायलींत वाचणाऱ्याला हे सांगूनही खरं वाटणार नाही.

कागदांची किंमत घरच्यांपेक्षा पोलिसांना चांगली कळते. 1908 साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या छापील अग्रलेखांवरून. पण झडतीत त्यांच्या घरी एक पोस्टकार्ड सापडलं, त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावं टिपलेली होती. सरकारपक्षाने ते कोर्टात पुढे केलं. टिळकांचा खुलासा सरळ होता: सरकारने स्फोटकांचा नवा कायदा केला आहे, त्यावर टीका लिहायची तर स्फोटक कशाला म्हणतात ते बघायला पुस्तकं नकोत? ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना दोषी ठरवलं आणि न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ती एका पोस्टकार्डामुळे झाली असं मी म्हणत नाही. पण विचार करा, तेच कार्ड नव्या कायद्याची प्रत, चार कात्रणं आणि अर्धवट मसुदा यांच्यामध्ये सापडलं तर ते लेखाचं टिपण. एकटं उचलून टेबलावर ठेवलं तर कटाचा पुरावा.

म्हणूनच ट्रंक मला मिळायच्या आधी कुणीतरी ती 'नीट लावून' ठेवलेली असली की माझा जीव खाली-वर होतो. मोठमोठ्या पुढाऱ्यांची पत्रं वेगळी काढलेली, एखाद्या सहीला फ्रेम केलेली, आणि बाकीचं रद्दीत. त्या बाकीच्यात काय असतं? वर्गणीदारांची वही, न सोडवता परत आलेल्या व्ही. पी. (पैसे भरून सोडवायची पार्सलं), कुरकुरणाऱ्या एजंटांची पत्रं, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांच्या पगाराचा हिशेब, जामिनाच्या पावत्या. 1910 च्या प्रेस कायद्याने छापखान्याकडून 500 पासून 5000 रुपयांपर्यंत जामीन मागता येत होता, आणि आक्षेपार्ह काही छापलं तर तो जप्त. चारशे वर्गणीदारांच्या साप्ताहिकाचा मालक सरकारविरुद्ध लिहिताना वाक्य का मवाळ करतो, हे त्या पावतीवरून कळतं. त्याला भित्रा म्हणण्याआधी ती बघावी.

आंबेडकरांचा 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघाला. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, आणि 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी घेतली नाही, हे आंबेडकरांनीच पुढे लिहून ठेवलं. या दोन नोंदी जमाखर्चाच्या आहेत. तेव्हाच्या मराठी वृत्तपत्रांत कोण कुठे उभं होतं ते मात्र त्यांच्याइतकं स्वच्छ कुठल्या अग्रलेखात दिसत नाही.

बाकी कुणाचे कागद टिकतात यातही राजकारण आहेच. केसरीला वाडा होता, वारस होते, संस्था होती. आंबेडकरांचे कागद 1956 नंतर कितीतरी वर्षं कोर्टकचेरीत अडकले. महाराष्ट्र सरकारने समिती नेमली 1976 मध्ये, आणि लेखन-भाषणांचा पहिला खंड आला 1979 मध्ये. तानूबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचं पत्र चालवलं, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, वर्तमानपत्राला बाई संपादक असणं दुर्मीळ होतं तेव्हा. त्यांच्या वर्गणीदारांची वही, त्यांना आलेली शिव्यांची आणि कौतुकाची पत्रं मला वाचायची आहेत. टिळकांच्या आणखी एका पत्रापेक्षा ती मिळाली तर मी जास्त खूष होईन.

एक अडचण मी नाकारत नाही. ट्रंकेत असतात ती संपादकाला आलेली पत्रं. त्याने पाठवलेली दुसऱ्यांच्या माळ्यावर असतात, नक्कल ठेवायची सवय असेल तरच इथे सापडतात. म्हणजे आपण वाचतो ते बरंचसं इतरांचं मन. भूमिगत असताना कुणी आसरा मागितलेला असतो, कुणाची मुलगी घर सोडून गेलेली असते, कुणी पैशांसाठी गयावया केलेली असते. त्यांनी हे एका माणसाच्या भरवशावर लिहिलं होतं. संपादक सार्वजनिक माणूस होता, पत्र लिहिणारा नव्हता. यादी करताना अशा पत्रांपुढे मी नुसतं 'कौटुंबिक' लिहिते आणि पुढे जाते. काही अभ्यासकांना याचा राग येतो. येऊ दे.

तेव्हा तुमच्याकडे अशी ट्रंक असेल तर गठ्ठे सोडू नका, क्रम बदलू नका. गंजलेल्या टाचण्या उपटू नका, फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. मोडी लिपीतले कागद 'वाचता येत नाहीत' म्हणून बाजूला काढू नका. त्या पिढीतली बरीच माणसं छापायला बाळबोध, म्हणजे देवनागरी, आणि खाजगीत मोडी लिहीत. वाळवी किंवा कसर दिसली तर ट्रंक इतर पुस्तकांपासून लांब ठेवा. संस्थेला देताना कागदोपत्री अटी घाला: अमुक पाकिटं अमुक सालापर्यंत उघडायची नाहीत, अमुक पत्रांची नक्कल द्यायची नाही. अशी अट घालता येते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि मग आजोबांची अब्रू राखायची म्हणून एका दुपारी सगळं बंबात जातं. बंब पेटवायच्या आधी एक फोन करा.