अडतिसावा रूळ

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर भाच्याने माइनक्राफ्ट या चौकोनी ठोकळ्यांच्या (ब्लॉकांच्या) जगाच्या संगणकीय खेळातला आपला नवा लोहमार्ग दाखवायला मला संगणकापुढे बसवले. डोंगर पोखरून काढलेला बोगदा, भिंतींवर ठरावीक अंतराने मशाली, सगळे कसे आखीवरेखीव होते. पण जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते पॉवर्ड रेल, म्हणजे गाडीला वेग देणारे सोन्याचे रूळ. साधा लोखंडी रूळ औषधालाही नव्हता. "सगळे पॉवर्ड घातलेस?" असे मी विचारले, तर तो म्हणाला, "मग काय मामा! सोनं पडलंय पेटीत." नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या पाताळात, त्याने झोंबी पिग्लिन नावाच्या प्राण्यांना मारून सोने मिळवायचे फार्म उभारले आहे आणि तिथून सोन्याचे कण अखंड जमा होत असतात, हे मला ठाऊक होते. तरीही तो लखलखाट पाहून माझा जीव तीळतीळ तुटला.

ज्यांनी हा खेळ सोन्याच्या दुष्काळात खेळला आहे, त्यांना हे दुःख सांगावे लागणार नाही. 6 विटा सोने, 1 काठी आणि चिमूटभर रेडस्टोन (खेळातली वीज वाहणारी लाल भुकटी) यांतून 6 पॉवर्ड रेल होतात, म्हणजे रुळामागे एक वीट. उलट 6 विटा लोखंड आणि 1 काठी यांतून साधे रूळ चांगले 16 निघतात. खेळाच्या जावा नावाच्या आवृत्तीत माणूस बसलेली माइनकार्ट, म्हणजे रुळावरची गाडी, सपाटीवर पूर्ण वेगात, म्हणजे सेकंदाला 8 ब्लॉक, धावत ठेवायची असेल, तर 37 साधे रूळ आणि अडतिसावा पॉवर्ड एवढे पुरते. सुरुवातीला वेग घेण्यासाठी दोन-तीन जास्त लागतील तेवढेच. हजार ब्लॉकांचा मार्ग तिसेक विटांत भागतो. भाच्याने तिथे हजार विटा ओतल्या आणि त्याची गाडी माझ्या गाडीपेक्षा क्षणभरही लवकर पोहोचत नाही, कारण सरळ मार्गावर वेग 8 च्या पुढे जातच नाही.

वाचवलेल्या सोन्याचे मी काय करतो, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्त आहे. ते माझ्याही पेटीतच पडून असते.

माझी ही काटकसर पुढे कुठवर जाते, तेही सांगून टाकतो. पॉवर्ड रेल चालू ठेवायला त्याच्या कडेला बहुतेक लोक रेडस्टोनची मशाल रोवतात. मी खटका लावतो. एक काठी आणि एक कॉबलस्टोन (ओबडधोबड दगड) एवढ्यात तो तयार होतो, रेडस्टोनचा कणही खर्च होत नाही, आणि एकदा खाली पाडला की जन्मभर तसाच राहतो. चालू नसलेला पॉवर्ड रेल गाडीला ब्रेक लावतो, त्यामुळे एखादा खटका पाडायचा राहिला तर भर बोगद्यात गाडी गपकन थांबते आणि उतरून चालत जाऊन तो पाडावा लागतो. वळणावर तर हा रूळ बसतच नाही. तो सरळ किंवा चढणीचाच असतो. म्हणून अडतिसावी जागा नेमकी वळणावर आली, तर पॉवर्ड रेल एक घर अलीकडे घ्यायचा आणि पुढची मोजणी तिथून नव्याने सुरू करायची. मला यात जे सुख मिळते ते गाडीत बसून मिळत नाही.

ही हिशोबी वृत्ती माझ्यात बहुधा कर्जतच्या फलाटावर शिरली असावी. लहानपणी मे महिन्यात मुंबईहून पुण्याला आजोळी जाताना गाडी कर्जतला थांबली की डब्यातले सगळे वड्यांसाठी खिडकीकडे धावत, आणि मी वडिलांचे बोट धरून गाडीच्या शेपटीकडे जायचा हट्ट धरी, कारण तिथे घाट चढताना मागून ढकलणारी बँकर इंजिने लागत. ती हळूहळू मागे येत, बोटभर अंतर उरे, आणि मग लोखंडावर लोखंड टेकल्याचा एक जाड आवाज आख्ख्या गाडीभर पुढे सरकत जाई. मागची इंजिने ढकलत आहेत आणि पुढचे ओढते आहे, हे डब्यात बसलेल्याला कळतही नाही. लोणावळ्याला ती सुटत. पुढे पुण्यापर्यंत एकटे इंजिन समर्थ असते, मग तिथे जादा इंजिने कशाला फिरवायची? जिथे चढ आहे तिथेच जोर लावायचा, हा शहाणपणा मला तेव्हा फार मोठा वाटला होता. बोरघाटाचा चढ 37 ला 1 आहे, हे पुढे वाचनात आले. दोन पॉवर्ड रेलांच्या मधले रूळही 37 च. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो सोडवत नाही.

1863 मध्ये खुला झालेला तो घाटमार्ग बांधताना रोगराईने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. खेळात एक माणूस एका कुदळीने एका दुपारीत डोंगर आरपार खणतो. चढही तिथे 37 ला 1 वगैरे नसतो. एक ब्लॉक पुढे, एक ब्लॉक वर, बस्स. अशा चढणीवर अडतिसाचा हिशोब गुंडाळून ठेवावा लागतो आणि पॉवर्ड रेल दाटीवाटीने घालावे लागतात. आणखी एक उफराटी गोष्ट म्हणजे माणूस बसलेली गाडी लांब पळते आणि रिकामी गाडी लवकर दमते. म्हणून रिकाम्या गाड्या परत पाठवायच्या असतील, तर परतीच्या मार्गावर सोने जास्त जाते. (अशा रिकाम्या गाडीत वाटेत एखादे डुक्कर चढून बसते. ते स्थानकावर येऊन पोहोचते तेव्हा त्याच्याकडे तिकीट मागावेसे वाटते.)

जुने खेळाडू म्हणतील, तुम्हाला पॉवर्ड रेल तरी मिळाले. माइनकार्ट खेळात आली 2010 मध्ये आणि पॉवर्ड रेल आले एप्रिल 2011 मध्ये, बीटा 1.5 या चाचणी आवृत्तीबरोबर. मधल्या काळात लोक शेजारच्या रुळावर दुसरी रिकामी गाडी ठेवत; दोन्ही एकमेकींना घासल्या की खेळातल्या एका चुकीमुळे दोघींना फुकटचा वेग मिळे, आणि त्या चुकीवर लोकांनी मैलोन्‌मैल लोहमार्ग चालवले. त्या पिढीपुढे माझी काटकसर म्हणजे श्रीमंती थाटच म्हणायचा.

आता या सगळ्याला काही अर्थ उरलेला नाही, हेही खरे आहे. हजार ब्लॉक गाडीने 125 सेकंदांत होतात आणि नुसते पळत गेले तर तीन मिनिटांच्या आत. म्हणजे एवढी खणाखणी वाचवते तो वेळ मिनिटभराचासुद्धा नाही. नेदरमधले एक पाऊल बाहेरच्या 8 पावलांएवढे, म्हणून तिथे रूळ टाकले तर हिशोब एकदम देखणा होतो. गॅस्ट नावाच्या तिथल्या उडत्या भुतांचे आगगोळे सोसतील अशा कॉबलस्टोनच्या भिंती बांधल्या की झाले. पण त्याच बोगद्यात निळा बर्फ अंथरून कोणी होडी हाकली, तर ती सेकंदाला 70 हून अधिक ब्लॉक जाते. 2016 मध्ये एलिट्रा नावाचे पाठीला लावायचे पंख आले आणि शोभेच्या दारूचे बाण सोडत लोक डोक्यावरून उडू लागले. तेव्हापासून बऱ्याच जगांतल्या आगगाड्या शोभेपुरत्या उरल्या. पंख माझ्याकडेही आहेत. पण उडताना सारखे लक्ष ठेवावे लागते आणि गाडीत हात मोकळे राहतात, चहाचा कप उचलता येतो.

2024 मध्ये खेळात प्रयोग म्हणून माइनकार्टची वेगमर्यादा बदलण्याची सोय आली आहे आणि ती 8 वरून थेट 1000 पर्यंत नेता येते म्हणे. मी ती सुरू केलेली नाही. इतक्यात करीन असेही नाही, कारण खाणीपासून गावाकडे येणाऱ्या चढणीचे काम अजून बाकी आहे. ती थोडी दुसऱ्या बाजूने वळवली तर मधे एक सपाट टप्पा मिळतो, आणि माझा अंदाज असा आहे की तिथे आणखी दोन पॉवर्ड रेल वाचावेत.