नागपूर ते नवेगाव बांध : समुद्र नाही तर तलाव सही

कोकणात गाडीने जायचं म्हणजे आम्हा नागपूरकरांचे जाण्यायेण्यातच तीनेक दिवस खपतात. म्हणून डिसेंबरात बायको म्हणाली समुद्र राहू द्या, तलावच बघू. भंडारा-गोंदियाकडे तलावांना काय तोटा आहे! ठरला गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांधचा तलाव.

चूक माझीच झाली, पहिल्याच दिवशी रामटेकजवळचा खिंडसी तलाव पण धरला. रामटेकचा गड, मग बोटिंग, मग जेवण, तुमसरवरून भंडाऱ्याला हायवेला लागेस्तोवर चार वाजून गेले. कोहमाऱ्याहून उजवीकडे वळलो तेव्हा मिट्ट अंधार आणि समोरून रानडुकरांचा कळप आडवा गेला, ब्रेक असा दाबला की चिवड्याचा डबा मागच्या सीटवरून पुढे. नवेगावला पोचलो तर पाणी दिसलंच नाही, नुसता गार वारा.

तर खिंडसी वेगळ्या रविवारी करा, घरून पन्नासेक किलोमीटर आहे. नवेगावला जायचं तर सकाळी सहाला निघा, तर्री पोहे वाटेत खा, साकोलीत पेट्रोल भरून घ्या आणि मग सौंदड, कोहमारा करत जेवायच्या आत पोचा. मुक्कामाचं बुकिंग आधीच करा, ऐनवेळी फार पर्याय नसतात.

खरी मजा पहाटेची. सात वाजता तिन्हीकडे डोंगर, पाण्यावर धुकं, आणि त्यात बदकांचे काळे ठिपके. दुर्बीण घरी विसरलो, तुम्ही विसरू नका. हा तलाव इथल्या कोहळी समाजाच्या लोकांनी बांधला, इंजिनिअर-बिंजिनिअर कोणी नाही, आणि आजूबाजूला असे जुने तलाव शेकड्यांनी आहेत. त्यांना इकडे मामा तलाव म्हणतात. पोरगा विचारतो, कोणाचे मामा? अरे, मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातले!

येताना त्याच हायवेने येऊ नका. अर्जुनी मोरगाव, लाखांदूर, पवनी, भिवापूर, उमरेड असं या. वेळ असला तर अर्जुनीहून वाकडी वाट करून इटियाडोह धरण बघा, तिकडे गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत पण आहे. पवनीजवळ गोसीखुर्द धरणाचं पाणी एवढं पसरलंय की समुद्राची हौस तिथेच भागली. रस्ता काही ठिकाणी अरुंद आहे, धानाचे ट्रॅक्टर मागे लाईट न लावता चालतात, आणि दुपारनंतर ऊन सरळ डोळ्यात, गॉगल ठेवाच.

भिवापूरला मिरची घेतली दोन किलो. गाडीत अजून ठसका लागतो.