रात्रपाळी आणि रोजचं वचन

माझी आजी नगरकडच्या एका खेड्यात राहायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण दिवेलागण झाली की आम्हा पोरांना घोंगडीवर बसवून ती रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं म्हणायची, मग बायबलमधलं 23वं स्तोत्र, मग प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना. यात खंड पडलेला मला आठवत नाही. मी नर्सिंग शिकून पुण्यात नोकरीला लागले, लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि आजीला साधलं ते मला काही केल्या साधेना.

आठवड्याला पाळी बदलते. मॉर्निंगला असले की पाचला उठून डबे, इव्हिनिंगला घरी यायला नऊ, आणि नाइटच्या आठवड्यात तर सकाळ कुठली अन् संध्याकाळ कुठली तेच कळत नाही. तरी दर नवीन वर्षाला मी ठरवायचे, यंदा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वर्षभरात पूर्ण वाचायचं. एकूण अध्याय 1189, म्हणजे रोजचे तीन आणि शेवटी शेवटी थोडे जास्त धरले तर होतं. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं जानेवारीत संपायची आणि तिसरं, लेवीय, लागलं की गाडी अडायची. एका वर्षी 3 फेब्रुवारीला लेवीयचा 12वा अध्याय झाला आणि नाइट लागली. मग वॉर्डात एक सिस्टर आजारी, तिच्या ड्युट्याही माझ्याकडे. 20 तारखेला हिशेब केला तर मी 51 अध्याय मागे होते. ते बघून पुस्तक मिटलं ते मिटलंच. कपाट उघडताना ते नजरेला पडू नये म्हणून मी त्याच्यावर टॉवेल ठेवायचे, हे सांगतानाही मला वाईट वाटतं.

मार्चमधल्या एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी निर्गमचा 16वा अध्याय घेतला. मान्ना, म्हणजे रानात देवानं इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. ज्याने त्याने त्या त्या दिवसापुरता गोळा करायचा. काहींनी सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडले, घाण सुटली. माझ्या मनात आलं, मी काल-परवाचा मान्ना आज गोळा करायला बघतेय. चुकलेले दिवस भरून काढायचे, या हट्टापायी मी आजचा दिवसही घालवत होते. आणि रोज प्रार्थनेत मागत होते ती तर रोजचीच भाकर!

त्या दिवशी मी थकबाकी सोडून दिली. घरी येऊन 119वं स्तोत्र काढलं. वचनं 176, पण ती आठ-आठच्या 22 कप्प्यांत आहेत, मराठी शास्त्रातही वर आलेफ, बेथ अशी हिब्रू अक्षरं दिलेली असतात. रोज एक कप्पा, आठ वचनं, बास. वेळ घड्याळाला न बांधता ड्युटीला बांधली. मॉर्निंग-इव्हिनिंग असेल तर घरातून निघण्याआधी, नाइट असेल तर घरी आल्यावर चपला काढून, आंघोळीच्याही आधी. एकदा अंथरुणाला पाठ लागली की संपलं, म्हणून उभ्यानं आणि मोठ्यानं वाचायचं. फोनवर वाचून पाहिलं होतं, पण दोन वचनं होईतो नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस निघायचा. म्हणून छापील पुस्तकच, ओट्याशेजारच्या फळीवर. मुलगी तिथेच वेणी घालायला उभी राहते, ती ऐकते.

प्रार्थनेचं जास्त अवघड गेलं. डोळे मिटले की वॉर्ड दिसायचा: 14 नंबरच्या आजोबांचं सलाईन, 9 नंबरची बाळंतीण, हँडओव्हरमध्ये सांगायचं राहिलेलं काहीतरी. मी ते विचार हाकलत बसायचे. आता एक छोटी वही ठेवलीय. मनात बेड 14 आला की लिहिते 'बेड 14' आणि त्याच्यासाठीच मागते. भरकटणं म्हणत होते तीच माझी प्रार्थना झाली.

19व्या दिवशी मी नाइटहून आले होते, पाय भरून आलेले. त्या दिवशीच्या आठ वचनांत तो भक्त म्हणतो की रात्रीच्या प्रहरांआधीच त्याचे डोळे उघडे असतात, देवाच्या वचनाचं मनन करायला. पहाटे पाचला टेंपरेचर घेत फिरताना माझेही डोळे उघडेच होते की. मी ते वचन पुन्हा वाचलं आणि तिथेच ओट्याला टेकून रडले.

त्यानंतरही खंड पडतातच. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा नऊ दिवस वाचन झालं नाही. दहाव्या दिवशी मी खूण होती तिथून पुढे सुरू केलं, मागचं मोजलं नाही.

गेल्या महिन्यात लेवीयच्या 13व्या अध्यायावर आले, जिथे तेव्हा थांबले होते त्याच. रोज अर्धं पान, घाई नाही. याजक, म्हणजे पुरोहित, रोग्याच्या कातडीवरचा डाग बघतो, त्याला सात दिवस वेगळं ठेवतो, सातव्या दिवशी पुन्हा बघतो, पसरलाय का ते तपासतो. आयसोलेशनच ते! हा अध्याय मला रुक्ष वाटला होता. मी वाचता वाचता थांबले, वही घेतली आणि आमच्या आयसोलेशनमधल्या दोन्ही बेडचे नंबर लिहिले.