मधोमध

वर्गाचा फोटो आलाय. चिनू पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. सगळी सोनेरी डोकी आणि त्यात आमची तेल लावून घातलेली वेणी. नितीन म्हणतो, ठेंगणी आहे म्हणून पुढे. असेल. पण मागच्या वर्षीही मधेच होती, आणि शाळेच्या पत्रकावरही तीच. कडेला उभी केली असती तर मी गप्प बसले असते का? तेव्हा कडेवरून डोकं फिरलं असतं. सकाळपासून हेच चाललंय, त्यात भाजी करपली.

शनिवारी ग्रिनेलला, म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या गावात, कॉलेजचं नवं वसतिगृह पाहिलं, रेनफ्रो हॉल. तेव्हापासून एडिथ रेनफ्रो डोक्यातून जात नाही. 1914 साली त्याच गावात जन्मली. वडील हॉटेलात स्वयंपाकी, आजोबा न्हावी. गाव तसं पुण्यवान, गुलामगिरीला विरोध करणाऱ्या माणसानं वसवलेलं. 1859 मध्ये गुलामगिरीविरुद्ध हत्यार उचललेला जॉन ब्राउन सोडवून आणलेल्या गुलामांसह तिथे मुक्कामाला होता. तरी कृष्णवर्णीयांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. एडिथ 1937 साली त्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडली. तिच्याआधी एकाही कृष्णवर्णीय मुलीनं तिथली पदवी घेतली नव्हती. तिला कुठे उभं करत असतील फोटोत?

आई ईव्हा पर्ल. सहाही पोरांना कॉलेजात घातलं. तिचं पालुपद एकच: तुझ्यापेक्षा वरचढ कुणी नाही. रोज म्हणावं लागत असेल का? केस विंचरताना? पोरगी शाळेतून तोंड पाडून आली की? मी चिनूला असलं काही म्हणत नाही. डबा संपवलास का, एवढंच विचारते.

आणि आमचं असं काय मोठं आहे! व्हिसा घेऊन आलो, कुकर घेऊन आलो, नाहीच पटलं तर परतीचं तिकीट काढू. रेनफ्रोंना ते... जाऊ दे. दुसऱ्याच्या दुःखात आपली खुर्ची टाकून बसायची सवय बरी नाही.

एडिथला मानद डॉक्टरेट 2019 मध्ये मिळाली, इमारतीला नाव त्यानंतर. तोवर तिनं शंभरी कधीच ओलांडली होती. आमच्या बाईसाहेब सातव्या वर्षीच पत्रकावर. घ्या.

रात्री पांघरूण घालताना ईव्हा पर्लचं वाक्य चिनूला म्हणून बघितलं.

"आहे की," ती म्हणाली. "मॅक्स. तो माझ्यापेक्षा जोरात पळतो."